सोलापूरच्या उन्हात गाडीचं पॉलिश: मशीन आणि कंपाउंड कसं निवडाल?
पहिलंच मशीन असेल तर ड्युअल-अ‍ॅक्शन (फिरता फिरता डुलणारं) घ्या: १५ मिमी थ्रो (डुलण्याची रुंदी), ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची तबकडी). रोटरी (नुसतं गोल फिरणारं) झपाट्याने कापतं, पण एकाच जागी तापतं. बॉनेटच्या कडेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पातळ, तिथेच रंग जळतो.

आधी गाडी धुवून क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवा, नाहीतर काळ्या मातीची धूळच पॅडखाली रगडली जाते. सुरुवात फिनिशिंग पॉलिश (सौम्य) आणि मऊ फोमने, दीड फूट चौकोनावर. ओरखडे राहिले तरच कटिंग कंपाउंड (जास्त घासणारं). नखाला अडकणारा ओरखडा मात्र त्यानेही जात नाही; उगाच घासू नका. पॅडवर वाटाण्याएवढे ४ थेंब, स्पीड ४-५, आडवे-उभे ४ ते ६ फेरे.

मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच सुकून पांढरी भुकटी उडते. म्हणून सकाळी लवकर, सावलीतच.