ऑफिससाठी क्लाउड स्टोरेज निवडताय? फाइल कोणाच्या नावावर राहणार, ते आधी बघा

काही वर्षांपूर्वी एका डिझाइनच्या ऑफिसमधून मला फोन आला. ड्रॉइंग काढणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता. भांडण वगैरे काही नव्हते, निरोप समारंभही झाला होता. पण ऑफिसची तीन वर्षांची ड्रॉइंग त्याच्या खाजगी ईमेलच्या खात्यात होती आणि बाकीच्यांना ती फक्त शेअर केलेली होती. सहा महिन्यांनी खाते भरले म्हणून त्याने जुने फोल्डर काढून टाकले. ऑफिसकडे कॉपी असणारच, असे त्याने धरले होते. ऑफिसच्या लक्षात आले तोवर कचरापेटीही रिकामी झाली होती.

जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो, भावाचे नंतर बोलतो. क्लाउड सेवांची तुलना मात्र बहुतेक जण किती जीबी आणि किती रुपये इथूनच सुरू करतात. मी ज्या क्रमाने ऑफिसांना निवड करायला लावतो, तो असा.

१. आधी स्वतःचे सामान मोजा

सर्व्हरवरच्या किंवा मुख्य कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि आकार एका वहीत लिहा. समोर तीन गोष्टी टाका: रोज लागते की वर्षातून एकदा, किती जण उघडतात, बाहेरच्या कोणाला पाठवावे लागते का. बारा माणसांच्या ऑफिसात दीड-दोन तासांचे काम आहे. बहुतेक वेळा रोज हात लागणारा भाग फार छोटा निघतो आणि बाकी सगळे जुने स्कॅन आणि फोटो असतात.

२. मालकी तपासा

यावर सर्वात जास्त वेळ घालवा.

जवळजवळ प्रत्येक सेवेत दोन प्रकारच्या जागा असतात, एक माणसाची आणि एक ऑफिसची. गूगल वर्कस्पेसमध्ये 'माय ड्राइव्ह' माणसाची आणि 'शेअर्ड ड्राइव्ह' ऑफिसची. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये वनड्राइव्ह माणसाची आणि शेअरपॉइंट ऑफिसची. चेन्नईच्या झोहोच्या वर्कड्राइव्हमध्ये टीम फोल्डर असतात, ड्रॉपबॉक्सच्या बिझनेस प्लॅनमध्येही टीमची वेगळी जागा असते. कामाची प्रत्येक फाइल ऑफिसच्या जागेतच ठेवायची, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

इथे एक मेख आहे. मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या बिझनेस प्लॅनमध्ये माणशी १ टीबी मिळते असे आपण वाचतो, पण ती वनड्राइव्हची जागा. शेअरपॉइंटची सामायिक जागा म्हणजे पूर्ण ऑफिसला मिळून १ टीबी आणि वर प्रत्येक लायसन्समागे १० जीबी. म्हणजे बारा माणसांना बारा टीबी दिसले तरी ऑफिसच्या नावावरची जागा साधारण सव्वा टीबीपेक्षाही कमी. गूगलच्या 'बिझनेस स्टार्टर'मध्ये माणशी ३० जीबी धरतात आणि 'स्टँडर्ड'मध्ये माणशी २ टीबी. ती सगळ्यांची मिळून एकत्र मोजली जाते. शेअर्ड ड्राइव्हची सोय सर्वात खालच्या प्लॅनमध्ये पूर्ण मिळेल असे गृहीत धरू नका, पैसे भरण्याआधी प्लॅनच्या तक्त्यात बघा.

मग विचारा, माणूस सोडून गेला तर काय? मायक्रोसॉफ्टमध्ये खाते काढल्यावर त्याचे वनड्राइव्ह मूळ सेटिंगनुसार ३० दिवस राहते. गूगलमध्ये काढलेले खाते ॲडमिनला, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्याला, २० दिवसांच्या आत परत आणता येते, आणि खाते काढतानाच फायली दुसऱ्याच्या नावावर करण्याचा पर्याय समोर येतो. घाईत ती पायरी सोडू नका. ॲडमिनचे अधिकार निदान दोघांकडे हवेत, आणि त्यातला एक मालक स्वतः. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या ईमेलवर ॲडमिन खाते उघडलेली ऑफिसे मी पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नका.

३. बाहेरच्यांशी देवघेव कशी होते ते बघा

ग्राहक, सीए, व्हेंडर यांना फाइल पाठवायची असते आणि त्यांच्याकडून घ्यायचीही असते. 'लिंक असेल त्या कोणालाही' ही सेटिंग सगळीकडे आहे, आणि अशी लिंक व्हॉट्सॲपवर एकदा फिरली की ती कोणाकडे गेली ते कळत नाही. म्हणून लिंकला पासवर्ड आणि मुदत लावता येते का, हे तपासा. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस प्लॅनमध्ये, ड्रॉपबॉक्सच्या बिझनेस प्लॅनमध्ये आणि वर्कड्राइव्हमध्ये ते जमते. गूगल ड्राइव्हमध्ये लिंकला पासवर्ड लावता येत नाही. तिथे ठरावीक ईमेललाच प्रवेश द्यायची शिस्त ठेवावी लागते. उलट बाजूने, व्हेंडरने खाते न उघडता तुमच्या फोल्डरमध्ये फाइल टाकावी यासाठी ड्रॉपबॉक्समध्ये 'फाइल रिक्वेस्ट' आहे, ज्या ऑफिसला रोज बाहेरून ड्रॉइंग येतात त्यांना ती फार उपयोगी पडते.

४. तुमचे रोजचे सॉफ्टवेअर तिथे नीट चालते का?

दिवसभर एक्सेल वापरणाऱ्या, मॅक्रो लिहिलेल्या ऑफिसला मायक्रोसॉफ्ट सोपे जाते. ब्राउझरमध्येच चार जण मिळून लिहिणाऱ्यांना गूगल आवडते. हे ज्याचे त्याला कळतेच. पण आपल्याकडच्या दोन गोष्टी कोणत्याच तुलनेच्या तक्त्यात नसतात.

पहिली टॅली. टॅलीचा चालू डेटा सिंक होणाऱ्या, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या, फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅली फायली लिहीत असतानाच सिंक त्या उचलते, आणि दोन ठिकाणांहून उघडले तर डेटा बिघडण्याची पुरेपूर शक्यता असते. टॅलीतून रोज बॅकअप घ्या आणि तो बॅकअप क्लाउडच्या फोल्डरमध्ये जाऊ द्या.

दुसरी जुने मराठी फाँट. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली पत्रे आणि करारनामे ब्राउझरमध्ये उघडले की अगम्य अक्षरे दिसतात, आणि 'करारनामा' असे शोधले तर एकही फाइल सापडत नाही, कारण आत मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत, नसतो. अशा महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ करून ठेवा, फाइलचे नाव युनिकोड मराठीत द्या, म्हणजे निदान नावाने तरी सापडेल.

५. गेलेली फाइल परत कशी येते?

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) शिरले आणि फायलींना कुलूप लागले, की सिंक त्याच बिघडलेल्या फायली इमानेइतबारे वर पाठवते. अशा वेळी जुन्या आवृत्त्या आणि डिलीट झालेल्या फायली किती दिवस राहतात, त्यावर सगळे ठरते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, ऑफिसच्या वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटमध्ये ९३ दिवस. तरीही महिन्यातून एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्या, आणि कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा.

त्या कॉपीतही एक फसगत होते. गूगल डॉक्समध्ये लिहिलेली फाइल कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्ह फोल्डरमधून डिस्कवर ओढली तर तिथे फक्त एक छोटीशी लिंक येते, मजकूर येत नाही. मजकूर हवा तर वर्ड किंवा पीडीएफ करून डाउनलोड करावे लागते.

६. कायद्याचे थोडे

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल आणि हिशोबाची पुस्तके कॉम्प्युटरवर असतील, तर कंपन्यांच्या हिशोबाच्या नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असावा लागतो. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. म्हणून डेटा भारतात राहतो का, हे विक्रेत्याकडून ईमेलवर लेखी घ्या आणि सीएंना दाखवा.

७. आता पैसे

समजा माणशी महिन्याला ३०० रुपये आणि बारा माणसे. वर्षाचे ४३,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७,७७६, म्हणजे ५०,९७६. नियमित जीएसटीत असाल तर तो कर वजावटीत मिळतो, कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. दुसऱ्या वर्षीचा दर वेगळा विचारा, कारण पहिल्या वर्षीची सवलत पुढे टिकेलच असे नाही.

८. दोन सेवा निवडा आणि खऱ्या फायलींनी तपासा

दोन आठवडे ते महिनाभर चाचणी बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. एकाच माणसाने चाचणी घेऊ नये; हिशोब बघणाऱ्या ताई आणि साइटवर मोबाइलवरून फोटो पाठवणारा सुपरवायझर, दोघांनाही बसवा. सर्वात जड ड्रॉइंग टाका. एक फाइल मुद्दाम डिलीट करून परत आणा. एक खोटे खाते उघडा, त्यात फायली टाका, मग ते बंद करून फायली कुठे जातात ते डोळ्यांनी बघा.

निवड झाली की स्थलांतराचा वेळ आधी काढा. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फायली मेगाबाइटमध्ये मोजतात, त्यात आठपटीचा फरक आहे. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर ५०० जीबी चढायला सलग ५५ तासांहून जास्त लागतात. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सुरू करा, सोमवारी सकाळी वहीतल्या आकड्यांशी प्रत्येक फोल्डर ताडून बघा, आणि जुन्या सर्व्हरवर फक्त वाचण्याची परवानगी ठेवून तो तीन महिने तसाच चालू राहू द्या.