अलाइनमेंट करण्याआधी टायरवरून हात फिरवा

गाडी एका बाजूला ओढते म्हणून थेट अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) नेऊ नका. आधी टायर थंड असताना दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे चारही चाकांत हवा भरा. पुढच्या एका चाकात हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला जाते. तरीही ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदला (फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर सोडून). ओढ उलट बाजूला गेली, तर दोष टायरचा. ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरतं, ते बहुधा बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचं) काम.

आता टायरच्या नक्षीवर तळवा आडवा फिरवा, आतून बाहेर आणि परत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं, तर टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. टायर सगळ्यात लवकर खातो तो हा ‘टो’च, कारण चाक सरळ न फिरता सतत तिरकं घासत जातं. एकच कड साफ झिजली असेल तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) तपासा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली, फक्त मधला पट्टा गेला तर जास्त.

मग गाडी जॅक लावून स्टँडवर घ्या. चाक डावी-उजवीकडे धरून हलवा: खेळ (ढिलेपणा) जाणवला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या दांड्याचं टोक) बघा. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ असेल तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा बेअरिंग. हे बदलल्याशिवाय अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया. मशीनवरचं रीडिंग पहिल्याच खड्ड्यात हलतं.

मशीनवर क्रम महत्त्वाचा. मागची चाकं (अ‍ॅडजस्ट होत असतील तर) आधी, मग पुढचे कॅस्टर (बाजूने पाहता, चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर, टो शेवटी. कॅम्बर हलला की टोही हलतो. बऱ्याच गाड्यांत पुढचा कॅम्बर अ‍ॅडजस्ट होतच नाही. तो मर्यादेबाहेर असेल तर वाकलेला स्ट्रट (शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा उभा खांब) किंवा लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा) शोधायला सांगा. टो लावताना स्टेअरिंग मधोमध लॉक केलेलं हवं आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड फिरवायला हवेत. एकाच बाजूने भागवलं तर एकूण टो बरोबर येतो, पण सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं. लॉक नट आवळल्यावर रीडिंग पुन्हा बघा, आवळताना रॉड थोडा फिरतो. आधीच्या आणि नंतरच्या रीडिंगची प्रिंट मागून घ्या.

साधारण दर १०,००० किमीला तपासणी पुरते. टाय रॉड, स्ट्रट किंवा लोअर आर्म बदलला, की मात्र लगेच करा.