भाटकार खेळात आणताना

फोंड्याला आमच्या राजांगणात पावसाळाभर डी अँड डी चालतं, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून पात्रं वठवायचा खेळ. गेल्या वर्षी मी त्यात उमराव हा नवा वर्ग, म्हणजे पात्राचा प्रकार, घातला; नाव ठेवलं भाटकार, म्हणजे गोव्याकडचा जमीनदार. पहिल्याच रात्री फजिती! त्याला चार मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारी कुळं, दिले होते, आणि चौघेही स्वतंत्र वार करत सुटले. त्याची पाळी संपेपर्यंत आमचा जादूगार आत जाऊन चहा करून आला.

उमरावाचं बळ हुकमात असतं, पण हुकूम फुकट देऊ नका. आता माझ्याकडे मुंडकाराला स्वतःची कृतीच नाही. भाटकाराने आपल्या एका वारावर पाणी सोडलं, तरच त्याचा माणूस किंवा शेजारचा खेळाडू एक वार करतो. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत योद्धा या वर्गाला पाचव्या पातळीला हल्ल्याच्या कृतीत दोन वार मिळतात. त्याच्या पुढे जाऊ नका. प्राणफासा (ज्यावर पात्राचे प्राणगुण ठरतात) डी ८, म्हणजे आठ बाजूंचा, चिलखत हलकं. सोनं इतरांइतकंच, नाहीतर पहिल्याच दुकानात तोल गेला म्हणून समजा.

खरी गंमत 'मान' या गुणांत. तीन पुरेत. एक खर्चला की पहारेकरी वाट सोडतो. जंगलात अस्वलाला घराण्याचं काय कौतुक? तिथे तोच गुण साथीदाराचा चुकलेला फासा पुन्हा टाकायला वापरा. पण मान झोपून भरत नाही, देणं फेडूनच भरतो: कुणाच्या छपराची कौलं, कुणाच्या मुलीचं लग्न. आमचा भाटकार तीन बैठका शून्यावर आहे आणि कौलांचा भाव विचारत फिरतोय.