फीड पंप बदलायला बसण्याआधी

सकाळी ट्रॅक्टर एका सेल्फात चालू होतो. रोटर लावून अर्धा एकर होतो न होतो तोच इंजिन आचके खातं, धूर सोडतं आणि बंद पडतं. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. हे लक्षण दिसलं की बांधावर उभा असलेला प्रत्येक जण एकच सांगतो, फीड पंप गेला. विडरला किंवा फवारणीच्या पेट्रोल इंजिनाला असतो तसा कार्बोरेटर आपल्या डिझेल ट्रॅक्टरला नसतो. टाकीतलं डिझेल ओढून, फिल्टरमधून ढकलून मोठ्या पंपापर्यंत, म्हणजे नॉझलला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपापर्यंत, पोचवायचं काम हा मुठीएवढा फीड पंप करतो. तो जातो, नाही असं नाही. पण मी एकदा नवा पंप आणून बसवला आणि ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी त्याच सरीत तसाच बंद पडला. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणावर मीच प्लॅस्टिकची पिशवी करकचून बांधली होती. झाकणाचं हवेचं भोक बंद, टाकीत हवा शिरेना, मग डिझेल तरी कसं उतरणार?

म्हणून तयारीची सुरुवात दुकानापासून नाही, टाकीच्या झाकणापासून करायची. ट्रॅक्टर बंद पडला की लगेच झाकण उघडा. फुस्स आवाज झाला तर पंपाला हात लावायची गरज नाही, भोकातली माती तारेने काढा. नंतर टाकीखालचा कॉक आणि त्याची जाळी बघा. जुन्या टाकीत गंज, भुसा, कधी चिंधीचा तुकडासुद्धा निघतो. हेही ठीक असेल तर एक सोपी परीक्षा आहे. फीड पंपाकडे येणारी नळी टाकीकडून सोडवा आणि स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा. कॅन बोनेटच्या उंचीला कुठेतरी घट्ट टेकवून ठेवा, सायलेन्सरपासून मात्र लांब. असा ट्रॅक्टर तासभर न कुरकुरता चालला तर दोष टाकीकडेच आहे. तरीही बंद पडला तर फिल्टर कधी बदलले होते ते आठवा. आठवत नसेल तर तेच आधी बदला, कारण पंपाच्या मानाने ते फार स्वस्त आहेत.

पंपच गेला याची एक खूण मात्र मी महत्त्वाची मानतो. इंजिनाची ऑईल मापायची पट्टी काढून ऑईल बघा. पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल, तर बहुधा फीड पंपातून डिझेल आत झिरपतंय. मोठा पंप लाईन पंप असेल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दट्ट्या एका ओळीत असलेला, आणि त्याचं ऑईल वेगळं असेल, तर तेही तपासा. असं पातळ झालेलं ऑईल घेऊन ट्रॅक्टर चालवू नका, बेअरिंग जातील. आणि पंप बदलताना ऑईलही बदलावं लागणार, म्हणजे ऑईल आणि ऑईल फिल्टर आजच यादीत धरा.

आता आपल्या ट्रॅक्टरला कोणत्या जातीचा मोठा पंप आहे ते बघून घ्या. लाईन पंप असेल तर फीड पंप त्याच्याच कुशीला बसवलेला असतो आणि हाताने मारायचं गोल बटण त्याच्या डोक्यावर असतं. रोटरी पंपाच्या ट्रॅक्टरला तो बहुधा इंजिनाच्या अंगाला असतो, आत रबरी पडदा आणि खाली छोटा दांडा. दुकानात नुसतं मॉडेलचं नाव सांगून पंप मागू नका. जुना पंप पुसून त्यावरच्या नंबराचा फोटो काढून न्या, जमलं तर पंपच काढून पिशवीत घालून न्या. आजही काउंटरवर लोक 'मायकोचा द्या' असंच म्हणतात, कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं तरी. जुन्या-नव्याची बोल्टची भोकं, नळ्यांची तोंडं आणि आत जाणारा रोलर किंवा दांडा शेजारी ठेवून ताडून बघा. दोन मिलिमीटरचा फरक घरी आल्यावर कळला तर अख्खा दिवस गेला.

पंपाबरोबर पॅकिंग घ्या, डिझेलचे दोन्ही फिल्टर घ्या आणि तांब्याचे वायसर मोजून न घेता मूठभर घ्या. हे वायसर म्हणजे या कामाचा खरा जीव. एकदा दाबला गेलेला वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाही, तिथून हवा ओढली जाते. डिझेल बाहेर गळत नाही, त्यामुळे दिसतही नाही, आणि माणूस नव्या पंपाला शिव्या देत बसतो. अगदीच अडलं तर जुना वायसर गॅसवर लालबुंद करून गार होऊ द्यावा, तांबं मऊ होतं आणि पुन्हा एकदा निभावून नेतं. पांढरी टेप आणि एम-सील मात्र घरीच ठेवा. टेपचा एक धागा आत गेला तर तो कुठे जाऊन अडकेल सांगता येत नाही. रबरी नळी तोंडाशी तडकली असेल तर नवी नळी आणि दोन क्लिपाही आणा, तार पिळून भागवू नका.

हत्यारांचं फार कौतुक नाही. दहा-अकरापासून वीस-बावीसपर्यंतचे फिक्स आणि रिंग पाने, पेचकस, पक्कड, टॉर्च. पाने आदल्या दिवशीच एकेका नटाला लावून बघा. झिजलेल्या पान्याने बंजो बोल्टचं, म्हणजे नळी बसवणाऱ्या पोकळ बोल्टचं, डोकं गोल झालं की मग छिन्नी-हातोडा आला.

स्वच्छतेवर मात्र मी अर्धा दिवस घालवतो आणि त्याबद्दल घरचे हसतात. पंपाच्या आजूबाजूची चिखल-तेलाची खपली ब्रशने आणि डिझेलने आदल्या संध्याकाळी धुऊन टाकायची. इंजिन गार असताना. गरम पंपावर पाण्याचा फवारा मारायचा नाही. सुताचं वेस्टेज वापरायचं नाही, त्याचे तंतू सुटतात. जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा लुंगी उत्तम. सुटलेल्या नळ्यांच्या तोंडांना बांधायला स्वच्छ पॉलिथिनचे तुकडे आणि रबर बँड, नट ठेवायला एक स्टीलचं ताट, ओघळणारं डिझेल धरायला पसरट डबा. पाच-सात लिटर डिझेल रात्रभर निवळत ठेवून वरचंच गाळून घ्या, शेवटी नळ्यांतली हवा काढताना तेच लागतं.

जागा सपाट आणि सावलीची बघा, वारा नसलेली, कारण उडालेली धूळ उघड्या पंपात जाते. चाकाला दोन्हीकडून दगड, हँडब्रेक, अवजार जमिनीवर टेकवलेलं, बॅटरीची एक वायर सुटी. टाकीचा कॉक बंद होतो का ते आधी बघा. जुने कॉक नुसते फिरतात, बंद होत नाहीत. तसं असेल तर टाकी आधी रिकामी करावी लागेल. खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि टाकीकडून येणाऱ्या नळीला लाल दोरा बांधा. नळ्या उलट लागल्या तर ट्रॅक्टर चालूच होणार नाही.

पंप ओढताना खाली दुसरा हात धरा, रोलर निसटून पडू शकतो. दांड्याच्या पंपाचा दांडा हाताला अगदी मोकळा लागला तर लगेच घाबरू नका. दांडा हलवणारा इंजिनातला उंचवटा, म्हणजे कॅम, वर आलेला असतो, इंजिन एक फेरा फिरवा आणि परत बघा. नव्या पंपाच्या रोलरला थोडं ऑईल लावून नट आळीपाळीने आवळायचे.

हवा काढायला दुसरा माणूस हवाच, त्याला आधीच सांगून ठेवा. आधी पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, मग दुसऱ्याचा, मग मोठ्या पंपाचा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हाताने पंप मारत राहायचं. शेवटी नॉझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारायचा. त्या वेळी नळीजवळ बोट नको, कारण तिथला दाब कातडीत शिरणारा असतो. सेल्फही एका दमात पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको.

मोठ्या पंपाचं सील मात्र तोडू नका. ते काम टेस्ट बेंचवाल्याचं.

मृगाच्या तोंडावर हे काम काढू नका, तेव्हा दुकानात पंप मिळतो पण मेकॅनिक मिळत नाही. एप्रिलमध्ये करा. पंप बसवल्यावर तासभर भार देऊन चालवा, रात्री खाली कोरडा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी त्यावर डाग आहे का बघा. जुना पंप भंगारात देऊ नका. त्यातले व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून, डिझेलने धुऊन डबीत ठेवा.