मावशी असं बोलल्याच नव्हत्या

पीएचडीला नव्याने नोंदणी झालेली मुलं मला चहाच्या टपरीवर गाठतात आणि एकच विचारतात, "ताई, एआयने लिहिलेलं पकडतात का हो?" पकडतात. कधी कधी न लिहिलेलंही पकडतात. टर्निटिन या मजकूरचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने एआय ओळखायची सोय एप्रिल २०२३ मध्ये आणली, तर चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं तसलंच ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत गुंडाळलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळखयंत्रांपुढे टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे, ९१ निबंध ठेवले होते, माणसांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर 'यंत्राने लिहिलं' असा शिक्का बसला. मराठी माध्यमातून आलेल्यांचं जपून लिहिलेलं, साध्या शब्दांचं इंग्रजी यंत्राला यंत्राचंच वाटतं, त्याला आपण काय करणार? कच्चे खर्डे तारखेसकट ठेवा आणि झोपा शांत.

माझी मान अडकली ती वेगळ्याच ठिकाणी.

माझा विषय पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या सुट्ट्या आणि पगारकपात. जनता वसाहत, दांडेकर पूल या भागात मिळून २३ मुलाखती घेतल्या. बायकांना सवड दुपारी दोन ते चार. सकाळची धुणीभांडी उरकलेली असतात, संध्याकाळच्या पोळ्या लाटायला जायचं असतं. पत्र्याची खोली, मे महिना, आणि रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला मला पाच-सहा तास लागायचे. सहा मुलाखती अशा हाताने उतरवल्या. मग सहामाही अहवालाची तारीख डोक्यावर आली. उरलेल्या १७ मुलाखतींचा मजकूर आवाजावरून यंत्राकडूनच काढून घेतला, ढोबळ चुका तेवढ्या दुरुस्त केल्या आणि चॅटजीपीटीला सांगितलं: याचं इंग्रजी कर, शैली अभ्यासपूर्ण ठेव.

'शैली अभ्यासपूर्ण ठेव.' या तीन शब्दांवर मी आता लांबण लावणार आहे. सहन करा.

एक मावशी म्हणाल्या होत्या, "खाडा झाला की पैसे कापत्यात, वर तोंड करत्यात. आपण काय बोलणार? अंगावर पाच हजार घेतलेलं." इंग्रजीत जे आलं ते परत मराठीत आणलं तर असं होतं: 'गैरहजेरीबद्दल माझं वेतन कापलं जातं आणि मालकीण नाराजी व्यक्त करते. हा अन्याय आहे, परंतु रोजगाराच्या असुरक्षिततेमुळे मी आवाज उठवू शकत नाही.'

काय देखणं वाक्य आहे! प्रबंधात नेऊन बसवावं असं. मी बसवलंही, अवतरणचिन्हांसकट. आता नीट बघा. तोंड करणं म्हणजे फडाफडा सुनावणं, त्याची नाराजी झाली. अन्याय हा शब्द मावशींनी तासाभरात एकदाही उच्चारला नव्हता. आणि पाच हजार? गेले. ते पाच हजार म्हणजे मुलीच्या दवाखान्यासाठी मालकिणीकडून घेतलेली उचल. ती फिटेपर्यंत मावशींना ते काम सोडता येत नव्हतं. मी मात्र प्रकरणभर लिहीत गेले की काम जाईल या भीतीने बायका गप्प बसतात. काम जाण्याची भीती आणि काम सोडता न येणं ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असलेली दोन दुखणी आहेत. एकावर उपाय केला तर दुसऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. माझं अख्खं तिसरं प्रकरण भलत्याच दुखण्यावर उभं होतं.

हे मला कळलं ते आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या, बैठकीत. बाहेरून आलेल्या एक मॅडम पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "यांनी 'अन्याय' असं म्हटलं? ऐकवा ना." रेकॉर्डिंग फोनमध्येच होतं. ऐकवलं. मग त्यांनी विचारलं, "मग या अवतरणचिन्हांत कोण बोलतंय?" आवाज चढवला नव्हता त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन महिने त्या १७ मुलाखती कानाला लावून बसले. ११ मध्ये असले प्रकार सापडले. एका मुलाखतीत तर एक अख्खं वाक्य असं होतं की जे रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नाही, आणि तेच मी प्रकरणाच्या सुरुवातीला ठळक करून टाकलं होतं.

यात गंमत अशी की साम्य अहवालात, म्हणजे प्रबंध दुसऱ्यांच्या मजकुराशी किती जुळतो ते सांगणाऱ्या तपासणीत, माझे आकडे होते चार टक्के. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे ४० पर्यंत दुरुस्त करून सहा महिन्यांत परत द्या, ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. सगळ्यांचे डोळे त्या १० वर खिळलेले. पण जे वाक्य जगात कुणी बोललंच नाही, ते कशाशी जुळणार? बनावट वाक्य साम्य तपासणीत सगळ्यात निर्मळ निघतं. म्हणून ओठांवर मध लावून सांगत नाही: टक्के कमी आले म्हणून प्रामाणिकपणाचा दाखला मिळाला असं समजू नका.

दुसरी गोष्ट मला कुणी विचारली नाही, मीच सांगते. संमतीपत्रात मी मराठीत लिहिलं होतं, 'ही माहिती माझ्या आणि मार्गदर्शकांच्या बाहेर जाणार नाही.' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं, अंगठे घेतले. आणि रात्री तोच मजकूर, सोसायटीच्या नावासकट, 'बी विंगमधल्या वहिनीं'सकट, एका परदेशी कंपनीच्या चौकटीत चिकटवला. आपलं बोलणं यंत्राच्या शिकवणीला वापरू द्यायचं की नाही, याची सेटिंग असते. मी ती बंद केली, पण काम झाल्यावर. त्या बायकांना नंतर हे सांगितलं तेव्हा त्यांना फारसं काही वाटलं नाही. मला वाटतं अजून.

असो. घाबरवायला बसले नाहीये. 'एआयला हातच लावू नका' म्हणणारे गाइड मला पटत नाहीत. त्यातले काही जण आपल्या शेरेवजा ईमेल त्याच्याकडूनच लिहून घेतात, भाषेवरून कळतं. ज्यांचे काका अमेरिकेत होते त्यांचं इंग्रजी काकांनी सुधारून दिलं, ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी संपादक लावला, तेव्हा नीतिमत्तेचा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तालुक्याच्या शाळेतून आलेल्या माझ्यासारखीने स्वतःच्या परिच्छेदाचं व्याकरण यंत्राकडून तपासून घेतलं तर त्यात लाज कसली? परिच्छेद तुमचा असला म्हणजे झालं. एआयचा मजकूर 'माणसाळवून' देणारी साधनं आणि बाइंडिंगच्या दुकानात मिळणारं प्रबंधाचं पूर्ण पॅकेज, या दोन्हींबद्दल मात्र माझ्याकडे सौम्य शब्द नाहीत. चोरी लपवायला पैसे मोजणं आहे ते.

संदर्भांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा खोटे खटले कोर्टात दिले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात) किंवा ग्रंथालयात मूळ पान डोळ्यांनी दिसेपर्यंत संदर्भ यादीत घालू नका, एवढंच.

आता मी मुलाखती स्वतः उतरवते. अवतरण मराठीतच ठेवते, खाली माझं इंग्रजी, आणि 'खाडा', 'उचल', 'अंगावर घेणं' हे शब्द तसेच ठेवून तळटीप देते. पानं वाढतात. वाढू देत. तीन मावशींना त्यांची वाक्यं परत वाचून दाखवली, तर एक म्हणाल्या, "पाच न्हाय, सात हजार. तवा लाज वाटली सांगायला." तेही तळटिपेत गेलं, त्यांना विचारून.

प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद टाकला आहे: कोणतं साधन, कोणत्या महिन्यात, कशासाठी वापरलं, त्यातलं काय काढून टाकलं आणि का. गाइडना दाखवायला नेला तेव्हा हात गार पडले होते. त्यांनी वाचला, एक स्वल्पविराम बदलला आणि पुढच्या प्रकरणाची तारीख विचारली.