शरीरात बसवलेलं डिव्हाइस बिघडलं? अमेरिकेत केस करायच्या आधी के की पी ते बघा

काकूंच्या कृत्रिम हिपचं (खुब्याच्या सांध्याचं) दुसऱ्यांदा ऑपरेशन ठरलं तेव्हा आम्ही सगळे आधी भडकलो आणि मग न्यू जर्सीतल्या एका वकिलाला फोन लावला. चुलतभाऊ त्याला सगळं पहिल्यापासून सांगत बसला, दुखणं कधी सुरू झालं, रक्तात कोबाल्ट किती निघालं, सर्जनने कसं हसून टाळलं, आणि वकिलाने मधेच थांबवून एवढंच विचारलं, "नंबर के ने सुरू होतो की पी ने?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. नंतर महिनाभर डोकं खाजवून जे कळलं ते लिहितोय. मी वकील नाही, आयटीवाला आहे, त्यामुळे हे वाचून केस लढू नका, पण वकिलाकडे रिकाम्या हाताने जाऊ नका एवढ्यासाठी हे आहे.

आधी तो नंबर शोधायचा, म्हणजे डिव्हाइस बाजारात येताना एफडीएकडे (औषधं-उपकरणं तपासणारं अमेरिकी सरकारी खातं) मिळालेला नंबर. ऑपरेशन थिएटरमध्ये इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर काढून पेशंटच्या फाइलमध्ये चिकटवतात, त्यावर मॉडेल, लॉट नंबर, सिरियल नंबर असतो. पेशंटला एक इम्प्लांट कार्डही मिळतं, आमच्या काकूंचं देवघराच्या ड्रॉवरमध्ये उदबत्तीच्या पुड्याखाली सापडलं. कार्ड हरवलं असेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाला लेखी अर्ज करा, आणि नुसते "रेकॉर्ड्स द्या" म्हणू नका, ऑपरेटिव्ह रिपोर्ट आणि इम्प्लांट लॉग स्टिकरसकट हवाय असं स्पष्ट लिहा, नाहीतर शंभर पानं नर्सिंग नोट्सची येतात आणि हवं ते एक पान येत नाही. हिपा या पेशंटच्या रेकॉर्डविषयीच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे साधारण ३० दिवसांत द्यावं लागतं. मग एफडीएच्या साइटवर मॉडेल शोधलं की तो कुठल्या दाराने बाजारात आला ते कळतं, के ने सुरू होणारा नंबर म्हणजे ५१०(के), ही हलकी तपासणी, पी ने सुरू होणारा म्हणजे पीएमए (प्रीमार्केट अप्रूव्हल), ही कडक तपासणी. आणि एका सांध्यात तीन-चार पार्ट असतात, त्यातला एक पी आणि दुसरा के असंही होतं, म्हणून प्रत्येक पार्टचा नंबर वेगळा काढा.

आता या एका अक्षराने एवढा फरक का पडतो. १९७० च्या दशकात डाल्कन शील्ड नावाच्या गर्भनिरोधक साधनाने बायकांचे फार हाल केले, त्यानंतर १९७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मेडिकल डिव्हाइसेससाठी कायदा केला, आणि त्यातच एक कलम घातलं की फेडरल अटींपेक्षा वेगळी किंवा जादा अट कुठल्याही राज्याने डिव्हाइसवर लादायची नाही. हेच ते प्रीएम्प्शन. आता गंमत अशी की नुकसानभरपाईचा दावा आपण राज्याच्या कायद्याखाली करतो, आणि ज्युरीने "डिझाइन चुकलं" म्हटलं की ती कंपनीवर राज्याने घातलेली जादा अटच झाली, असं कोर्ट म्हणतं. म्हणजे दाव्याचे पायच गेले.

पण हे सगळ्यांना लागू नाही. ५१०(के) मध्ये कंपनी फक्त एवढंच दाखवते की आमची वस्तू आधीच बाजारात असलेल्या वस्तूसारखीच आहे. १९९६ च्या लोर केसमध्ये, पेसमेकरची केस होती फ्लोरिडातली, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अशा तपासणीला सरासरी २० तास लागतात आणि पीएमएला १२०० तास, तेव्हा ५१०(के) वाल्याला प्रीएम्प्शनची ढाल मिळणार नाही. त्यामुळे के असेल तर डिझाइन, वॉर्निंग, मॅन्युफॅक्चरिंग सगळे दावे साधारणपणे खुले. डीप्यू कंपनीच्या एएसआर हिपचंच बघा, अमेरिकेत ते ५१०(के) ने आलं होतं, २०१० मध्ये परत बोलावलं, आणि २०१३ मध्ये कंपनीने सुमारे अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली.

पी निघाला तर मात्र रीगलची केस वाचाच. न्यूयॉर्कचे चार्ल्स रीगल, १९९६ मध्ये अँजिओप्लास्टी चालू होती, डॉक्टरने मेडट्रॉनिकचा बलून कॅथेटर १० अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत फुगवला, त्याची मर्यादा होती ८, आणि पाचव्या वेळी तो आतच फुटला, इमर्जन्सी बायपास करावी लागली. त्यात आर्टरी इतकी कॅल्शियमने भरलेली की लेबलवर तशा पेशंटला हा कॅथेटर वापरू नका असंच लिहिलेलं. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ ने सांगितलं की पीएमए मिळालेल्या डिव्हाइसवर असा दावा चालणार नाही. जस्टिस गिन्सबर्ग एकट्या विरोधात होत्या, त्यांचं म्हणणं की ग्राहकांना सुरक्षा द्यायला केलेल्या कायद्याने ग्राहकाचाच हक्क काढून घ्यावा हे काँग्रेसच्या मनात नव्हतं. मला विचाराल तर त्यांचंच बरोबर वाटतं, पण कायदा माझ्या मतावर चालत नाही.

तरी एक फट उरते. कंपनीने एफडीएच्याच अटी मोडल्या आणि तेच वागणं राज्याच्या कायद्यातही चूक ठरतं असं असेल तर दावा टिकतो, याला पॅरलल क्लेम म्हणतात. मात्र दुसऱ्या बाजूलाही भिंत आहे, २००१ च्या बकमन केसपासून "कंपनीने एफडीएला फसवलं" एवढ्याच मुद्द्यावर तुम्ही केस करू शकत नाही, तो हक्क सरकारचा. म्हणजे नियम मोडलेला हवा, पण नुसता नियम मोडला म्हणून दावा नको, राज्याच्या जुन्या कायद्याचा आधारही हवा. चिरेबंदी वाड्याच्या दोन भिंतींमधून आडवं होऊन जायचं, तसलं काम.

या फटीतून जायला दोन वाटा जास्त वापरतात. पहिली म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग, की मंजूर झालेल्या पद्धतीने तुमचा पीस बनलाच नाही. इथे लॉट नंबर सोन्यासारखा. एफडीएच्या साइटवर त्या कंपनीची वॉर्निंग लेटर्स, रिकॉल नोटीस बघा, तुमचा लॉट त्यात आहे का, कारखाना तोच आहे का, तारीख जुळते का. नुसता रिकॉल झाला म्हणून केस जिंकत नाही, रिकॉलचं कारण आणि तुमच्या शरीरात जे झालं ते एकच हवं. आणि एक गोंधळ टाळा, डिव्हाइसचा क्लास ३ म्हणजे सगळ्यात जोखमीचं, पण रिकॉलचा क्लास १ म्हणजे सगळ्यात गंभीर, आम्ही क्लास १ वाचून दोन दिवस उगाच निश्चिंत होतो.

दुसरी वाट म्हणजे कंपनीला तक्रारी माहीत असून तिने एफडीएला कळवल्याच नाहीत. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली की कंपनीने साधारण ३० दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, ते रिपोर्ट मॉड (MAUDE) नावाच्या एफडीएच्या डेटाबेसमध्ये सगळ्यांना बघता येतात. पण ही वाट कुठल्या राज्यात राहता त्यावर आहे. पाचव्या आणि नवव्या सर्किटने (ही काही-काही राज्यांसाठीची फेडरल अपील कोर्टं) असे दावे मान्य केले, आठव्याने नाही केले, आणि कहर म्हणजे नवव्याचा २०१३ चा निकाल अ‍ॅरिझोनाच्या केसमधला, तर २०१८ मध्ये खुद्द अ‍ॅरिझोनाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आमच्या कायद्यात असं कर्तव्यच नाही. म्हणून वकील घेताना "तुम्ही इंज्युरी केसेस करता का" विचारू नका, "आपल्या राज्यात पीएमए डिव्हाइसचा फेल्युअर टू रिपोर्ट क्लेम चालतो का" विचारा, उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा बघा.

पी निघाला म्हणून हातपाय गाळू नका. एश्युअर नावाचं नसबंदीचं डिव्हाइस पीएमएवालंच होतं, २००२ पासून बाजारात, बऱ्याच दाव्यांना कात्री लागली पण सगळे मेले नाहीत, आणि २०२० मध्ये बायर कंपनीने सुमारे १.६ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. शिवाय ही ढाल बनवणाऱ्या कंपनीची आहे, सर्जनची नाही, त्याने चुकीचं बसवलं असेल तर ती वेगळी केस.

आता सगळ्यात घाईची गोष्ट. डिव्हाइस काढायचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याच्या आधी, आधी म्हणजे आदल्या रात्री नाही, सर्जनला आणि पॅथॉलॉजीला लेखी कळवा की काढलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवायचाय, फेकायचा नाही, कंपनीच्या माणसाच्या हातात द्यायचा नाही. कंपनीचा प्रतिनिधी "आम्ही टेस्ट करून देतो" म्हणून गोड बोलून घेऊन जातो, आणि मग पुरावा समोरच्याच्या कपाटात. आमच्या काकू म्हणाल्या मी घरी आणते, स्वच्छ धुऊन डब्यात ठेवते, अहो काकू धुवायचं नाही! त्यावरचे ओरखडे, चिकटलेला काळा थर हेच तर तज्ज्ञाला बघायचं असतं. कुणी कधी कुणाच्या हातात दिलं याची सहीनिशी नोंद ठेवा, आणि शक्यतो वकिलामार्फत स्टोरेजला पाठवा.

मुदतीचं बघा. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये २ वर्षं, न्यूयॉर्कमध्ये ३, टेनेसीत फक्त १. बऱ्याच ठिकाणी दोष कळला तेव्हापासून मोजतात, पण "कळला" कधी यावरच भांडण होतं, डॉक्टरने पहिल्यांदा "इम्प्लांटमुळे असेल" म्हटलं ती तारीख कंपनीचे वकील बरोबर शोधून काढतात.

आईवडील इकडे राहतात पण इम्प्लांट पुण्या-मुंबईत बसवलेलं असेल तर के-पी बघत बसू नका. तिकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटी आहे, ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत, बिल आणि स्टिकर मात्र तिथेही लागतोच.

काकूंचा नंबर के ने सुरू झाला. वकिलाला परत फोन केला तेव्हा या वेळी कहाणी नाही सांगितली, चारही पार्टचे नंबर, लॉट, दोन्ही ऑपरेशनच्या तारखा आणि काढलेलं हिप कुठल्या लॅबमध्ये आहे एवढं वाचून दाखवलं. सहा मिनिटांत फोन संपला, आणि त्याच संध्याकाळी करारपत्र मेलवर आलं.