इमिग्रेशनच्या खिडकीवर वकील कधी मागता येतो

गणपती आटोपले की कोकणातल्या कितीतरी घरांत परदेशी जाण्याची तयारी सुरू होते. कोणाचे आईवडील न्यू जर्सीला मुलीकडे निघतात, कोणी टोरांटोला, आणि खेड-दापोलीकडची मंडळी सुट्टी संपवून आखातात कामावर परततात. रत्नागिरीत वकिली करताना अशा घरांतून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: विमानतळावर इमिग्रेशनने अडवले, तर वकील बोलावता येईल ना? उत्तर फारसे सुखावणारे नाही, म्हणूनच ते निघण्यापूर्वी ठाऊक असावे. नुसती तपासणी चालू असेपर्यंत वकिलाचा हक्क बहुधा नसतो. अटक झाली किंवा कोठडीत घेतले की तो सुरू होतो. ही सीमारेषा ओळखणे आणि वकिलाचे काम घरीच उरकून घेणे, या दोन गोष्टी प्रवाशाच्या हातात असतात.

अमेरिकेचा नियम याबाबत स्पष्ट आहे. तेथील संघीय नियमावलीतील २९२.५ या कलमानुसार, प्रवेश मागणाऱ्या व्यक्तीला पहिल्या खिडकीवर किंवा त्यानंतरच्या आतल्या खोलीतील सविस्तर तपासणीत, जिला तिथे ‘सेकंडरी’ म्हणतात, वकील सोबत ठेवण्याचा हक्क नाही. अपवाद एकच आहे: त्या व्यक्तीवर फौजदारी तपासाचा रोख वळला असेल आणि तिला ताब्यातही घेतले असेल, तर हक्क मिळतो. त्या खोलीत चार-सहा तास बसवून ठेवले तरी कायद्याच्या दृष्टीने ती तपासणीच समजली जाते, अटक नव्हे, आणि ‘आपण येण्यास पात्र आहोत’ हे सिद्ध करण्याचा भारही प्रवाशावरच असतो. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की अमेरिकेची ही तपासणी अबुधाबीच्या विमानतळावरच होते, त्यामुळे न्यूयॉर्कला थांबलेल्या जावयाचा तिथे काही उपयोग नाही. कॅनडात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली देहगानी खटल्यात जवळजवळ हेच सांगितले: प्रवेशद्वारावरची नेहमीची चौकशी म्हणजे वकिलाचा हक्क देणारी ‘स्थानबद्धता’ नव्हे.

हक्क नाही याचा अर्थ मनाई आहे असा मात्र नाही. वकिलाशी बोलू द्यावे अशी विनंती नम्रपणे करता येते आणि ती मान्य करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने काही देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, तेव्हा वकील स्वतःहून विमानतळांवर जाऊन बसले होते, आणि व्हर्जिनियातील एका न्यायाधीशाने डलेस विमानतळावर अडकलेल्या ग्रीनकार्डधारकांना वकील भेटू द्यावेत असा आदेश दिला. पण तो आदेश त्या प्रसंगापुरता होता. त्याच्या भरवशावर कोणी विमानात बसू नये.

म्हणून तयारी घरी करावी. मी प्रत्येक प्रवाशाला एक कागद करायला लावतो. त्यावर मुलाचा किंवा मुलीचा पत्ता आणि फोन, तेथील इमिग्रेशनचे काम करणाऱ्या एका वकिलाचा फोन, जवळच्या भारतीय वकिलातीचा फोन, परतीच्या तिकिटाची तारीख आणि नेहमीच्या औषधांची नावे असतात. आतल्या खोलीत मोबाइल वापरू देत नाहीत किंवा काढून घेतात, आणि आपल्या लेकाचा नंबर तोंडपाठ असलेले आईवडील आता विरळाच. या कागदाच्या दोन प्रती कराव्यात, एक बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आणि एक आईच्या पर्समध्ये, कारण चौकशीत नवराबायकोला वेगळे बसवतात. त्या वकिलाच्या नावे प्रतिनिधित्वाचा जी-२८ हा अर्ज आधीच सही करून मुलीकडे ठेवला, तर पुढे प्रसंग आल्यास तो दाखवून वकील त्या विमानतळावरील वरिष्ठ अधिकाऱ्याशी बोलू शकतो. खिडकीवर त्या अर्जाची सक्ती चालत नाही, पण असलेला बरा.

दुसरी तयारी उत्तरांची. गुहागरकडच्या एका काकूंना मी माझ्या टेबलासमोर बसवून विचारले, “तिथे जाऊन काय करणार?” त्या लगेच म्हणाल्या, “काय म्हणजे? कामच की! नात सांभाळायची, जेवणखाण बघायचे.” आपल्याकडे ‘काम’ हा शब्द घरच्या धबडग्यालाही लागतो, पर्यटकाच्या व्हिसावर आलेल्या माणसाने तोच शब्द उच्चारला आणि दुभाष्याने त्याचे ‘नोकरी’ असे भाषांतर केले, तर कागदावर तसेच उमटते. याचा अर्थ खोटे सांगावे असा अजिबात नाही. जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे ठरले तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. आपण खरोखर कशासाठी आणि किती दिवसांसाठी जातो आहोत, हे आधी स्वतःशी आणि गरज पडल्यास वकिलाशी नीट बोलून घ्यावे, आणि मग तेच साध्या शब्दांत सांगावे. तसेच मराठी दुभाषी मागावा. समोरचा माणूस हिंदी दुभाषी पुढे करतो, आणि आपण भिडेपोटी ‘चलेगा’ म्हणतो, हे टाळावे. फोनवरून दुभाषी जोडून देण्याची सोय तिथे असते. (सामानातल्या सुकटीची, आंब्यांची आणि लोणच्यांची नोंद घोषणेत करावी. न सांगितलेल्या खाद्यपदार्थांमुळे आतल्या खोलीचा रस्ता कितीदा उघडतो, हे वेगळेच प्रकरण आहे.)

जबाब लेखी घेतला जात असेल, तर प्रकरण गंभीर झाले आहे असे समजावे. १९९६ च्या कायद्याने अमेरिकी अधिकाऱ्याला न्यायाधीशाकडे न नेता तिथल्या तिथे परत पाठवण्याचा आदेश काढण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्या आदेशानंतर सर्वसाधारणपणे ५ वर्षे प्रवेशबंदी लागू होते. त्यामुळे प्रश्नोत्तरांचे प्रत्येक पान वाचून घेतल्याशिवाय, किंवा दुभाष्याकडून वाचवून घेतल्याशिवाय, त्यावर आद्याक्षरे करू नयेत. चूक असेल तर दुरुस्ती नोंदवायला सांगावे आणि प्रत मागावी. परत पाठवणारच असा सूर दिसला, तर प्रवेशाचा अर्ज मागे घेण्याची परवानगी मागता येते. ती देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती आहे. मिळाली तर व्हिसा बहुधा रद्द होतो, पण ५ वर्षांचा शिक्का टळतो.

ग्रीनकार्ड असलेल्या ज्येष्ठांसाठी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्यांची एक ठरलेली सवय आहे: गणपतीला यायचे आणि शिमगा आटोपून परत जायचे. हा मुक्काम सहज १८० दिवसांच्या पुढे जातो, आणि तसे झाले की कायदा त्यांना नव्याने प्रवेश मागणारा समजू शकतो. वर्षभराहून अधिक राहिल्यास कार्ड एकटे परतीसाठी पुरत नाही, निघण्यापूर्वीच पुनर्प्रवेशाचा परवाना मागितलेला असावा लागतो. अशा वेळी अधिकारी आय-४०७ नावाचा अर्ज पुढे करतो, जो सही केल्यास कार्ड आपणहून सोडल्याचा कागद होतो. त्यावर सही करण्याची सक्ती नाही. ‘मला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी हवी आहे’ एवढे एक वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवावे. त्या सुनावणीत स्वखर्चाने वकील देता येतो.

खरोखर ताब्यात घेतले, तर वकिलाआधी वकिलात आठवावी. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमानुसार परदेशात अटक किंवा स्थानबद्ध झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, आणि हा हक्क त्याला सांगणे त्या देशावर बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचे ठरवले. मात्र वकिलातीला कळवण्याची विनंती माणसाने स्वतः करावी लागते. गप्प राहिल्यास कोणी आपणहून फोन करीलच असे नाही. आखातात कामाला जाणाऱ्यांनी हे वाक्य विशेष लक्षात ठेवावे.

आता आपल्याच विमानतळाविषयी. मुंबईला किंवा मोपाला निघताना इमिग्रेशन अधिकाऱ्याने थांबवले, तर त्यामागे अनेकदा ‘लुकआऊट सर्क्युलर’, म्हणजे अमुक माणसाला देशाबाहेर जाताना अडवा अशी सूचना, असते. ते काढलेले असते पोलिसांनी किंवा दुसऱ्या यंत्रणेने. खिडकीवरचा अधिकारी फक्त त्याची अंमलबजावणी करतो, म्हणून त्याच्याशी वाद घालून वेळ दवडू नये. कोणत्या यंत्रणेने आणि कोणत्या कारणाने, एवढे विचारावे, ते लिहून मागावे आणि विमान सुटले तरी बोर्डिंग पास जपून ठेवावा. परदेशप्रवास हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात १९७८ साली सांगितले आहे, आणि सरकारी बँकांच्या सांगण्यावरून काढलेली अशी सर्क्युलरे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांसाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंचही (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे. याचिका तिथे करायची की मुंबईला, हे सर्क्युलर कोणी आणि कुठून काढले ते पाहून वकिलाने ठरवावे.

येताना कस्टम्सने अडवल्यास नियम वेगळे आहेत. अंगझडतीपूर्वी राजपत्रित कस्टम्स अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी कस्टम्स कायद्याच्या १०२ व्या कलमाखाली करता येते, आणि बाईची झडती बाईनेच घ्यावी लागते. जबाबाच्या वेळी मात्र वकील शेजारी बसवण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या पूलपांडी निकालात म्हटले आहे, आणि १०८ व्या कलमाखालचा तो जबाब पुराव्यात वापरला जातो. दबावाखाली काही लिहून दिले असेल, तर पहिल्या संधीला लेखी नाकारावे. चार महिन्यांनी आठवलेल्या दबावावर न्यायालय सहसा विश्वास ठेवत नाही. अटक झाल्याबरोबर चित्र बदलते: घटनेच्या २२ व्या कलमाने अटकेचे कारण कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचा हक्क मिळतो. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, संपूर्ण चौकशीभर त्याला बसवून ठेवता येत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करावा. स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तींना त्यांच्या उत्पन्नाकडे न पाहता मोफत वकील मिळतो, आणि तो फोन घरच्या माणसाने केला तरी चालतो.